चौकशीला आलेला माणूस

"अभिनंदन! कधी आहे लग्न?"

पाटणकर मॅडमनी माझी फाइल उघडली आणि पहिला प्रश्न हा टाकला. मला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत. मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर गृहकर्ज कंपनीची जाहिरात. तिच्यात एक जोडपं नव्या घराची किल्ली दाखवत दात काढून उभं होतं.

"कुणाचं लग्न, मॅडम?"

"तुमचं."

"माझं होऊन अकरा वर्षं झाली आणि नवरा जाऊन साडेसात. आता कुठलं लग्न?"

मॅडमनी चष्मा नाकावर खाली ओढला. पन्नाशीच्या बाई, हातात एक पुरुषी घड्याळ सोडलं तर अंगावर दागिना म्हणून नाही. त्या शांतपणे वाचू लागल्या, "'अर्जदार पुनर्विवाहाच्या विचारात आहे. लग्नानंतर नोकरी सोडणार. मुलगी आजीकडे राहणार. अर्जदाराचं वय एकतीस.' तुम्ही तर अर्जात चौतीस लिहिलंय. पुढे, 'स्वयंपाकात तरबेज. स्वभाव अत्यंत शांत.'"

"अत्यंत शांत?" मी टेबलावर हात आपटला. टाचण्यांची डबी उडाली. "कोण मेलं म्हणालं असं?"

"तुमचे शेजारी," मॅडम टाचण्या गोळा करत म्हणाल्या. "सगळे एकमुखानं."

या गोष्टीला आता तेरा वर्षं होत आली. पण टाचण्या गोळा करणाऱ्या त्या बाई आठवल्या की अजून हसू येतं. त्या वेळी मात्र हसण्यासारखं काहीएक नव्हतं.

झालं होतं असं. मी मिरजेत एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसत होते. नाव काय, वय काय, गाव कुठलं, काय होतंय, एवढं विचारायचं, लिहायचं आणि पेशंटला आत पाठवायचं. लग्नाआधी असंच काम करत होते, लग्नानंतर सोडलं. मग नवरा गेला. रसिका तेव्हा दीड वर्षांची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे दीर म्हणाले, "तुझं आता इथं काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही," आणि पोरीला कडेवर घेऊन निघाले. चार वर्षं फॉल-पिको करून काढली. रसिका पहिलीत गेल्यावर परत खिडकीवर जाऊन बसले. पगार साडेनऊ हजार. त्याला पगार म्हणायचं ते आपलं मन राखायला.

पण एक गोष्ट मी मनाशी धरून ठेवली होती. 'तुझं इथं काय आहे' असं मला कुणी विचारू शकणार नाही अशी एक जागा मला पाहिजे होती. नवऱ्याच्या फंडाचे पैसे मी सात वर्षं हात न लावता ठेवले होते. गावाबाहेर नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळत होतं. खिडकीतून नाला दिसायचा. मला तो नाला नदीपेक्षा सुंदर वाटला होता. कर्ज मिळालं तर हप्ता महिना चार हजाराच्या घरात बसत होता, आणि मी तो संध्याकाळी फॉल-पिको करून भागवणार होते. सोमवारी पाच वाजेपर्यंत मंजुरीचं पत्र आणलं नाही तर फ्लॅट दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो, असं बिल्डरनं तोंडावर सांगितलं होतं. आणि आज शुक्रवार होता.

"मॅडम, मी कुणाशीही लग्न करत नाहीये. लिहून देते."

"लग्न करणार नाही असं आम्ही कुणाकडून लिहून घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "हे बघा, तुमचा पगार लहान. अशा वेळी आमचा माणूस घरी जातो, चार शेजाऱ्यांना विचारतो, मग आम्ही ठरवतो. शेजारी म्हणतायत की बाई नोकरी सोडणार. मग हप्ता कोण भरणार? सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा फाइल बंद केली असती.

"आणि तुमच्या भाड्याच्या पावत्या नाहीत."

"आमच्या आक्का पावती देत नाहीत. म्हणतात, माणसावर विश्वास नाही होय तुझा?"

"तुमच्या घरमालकीण ना? नोकरी सोडणार हे त्यांनीच सांगितलंय. बाकीच्यांनी मान डोलावली." मॅडमनी जरा विचार केला. "उद्या हुक्केरींना परत पाठवते. एकच सांगणं आहे, कुणाला पढवून ठेवू नका. पढवलेलं आम्हाला लगेच कळतं."

"मॅडम, मला पढवायचं सुचलं असतं तर हे झालं असतं का?"

त्या पहिल्यांदा हसल्या.

सायकल हाणत बोळात पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बोळ म्हणजे समोरासमोर सात घरं आणि मधून एक उघडं गटार. मी सायकल भिंतीला फेकली आणि तिथूनच ओरडले, "कोण कोण बोललं त्या माणसाशी? बाहेर या सगळे!"

सगळ्यात आधी सुनंदाकाकी आली. समोरच्या घरातली. बोळात कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे तिला पाठ असायचं. तोंडभर हसत आली आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली.

"कळवलं होय त्यांनी? पसंत आहे ना?"

"काकी, तो कर्जाचा माणूस होता! घराच्या कर्जाचा!"

काकीची बोटं हवेतच राहिली. "मग तो तसं का विचारत होता?"

"कसं?"

"घरात माणसं किती? कमावतं कोण? कुणाचं देणं-बिणं आहे का? इथं किती वर्षं आहे? भांडणतंटा, व्यसन? आता तूच सांग, परका माणूस दारात येऊन असं कशाला विचारतो? सोयरिकीच्या चौकशीशिवाय?"

"कर्जवाले विचारतात!"

"आपल्या बोळात कर्जवाले आलेत ते वसुलीला आलेत. ते इतकं गोड बोलत नाहीत. हा आपला ताई-काकी करत होता, चपला बाहेर काढून आला. मी कांदेपोहे केले. दोन बशा खाल्ल्या बिचाऱ्यानं. मला वाटलं, हाच मुलगा असंल की मुलाचा भाऊ, म्हणून नीट निरखून घेतला. अंगानं जरा बारीक आहे. पण दात चांगले आहेत."

"आणि रसिका आजीकडे राहणार, हे कुणी सांगितलं?"

"मीच की." काकीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "पहिल्या घरचं पोर म्हटलं की स्थळ मागं सरतं. एकदा अक्षता पडल्या की हळूच आणली असती तिला. तेवढी अक्कल आहे मला."

सत्तारचाचा आपल्या दारात तंबोऱ्याचा भोपळा घासत बसले होते. मिरजेतल्या जुन्या कारागिरांपैकी एक. हात चालू ठेवूनच म्हणाले, "वय मी सांगितलं, बेटी. तीन वर्षं कमी केली. तेवढं सगळेच करतात, त्यात काय गुन्हा?"

"आणि शांत स्वभाव?"

"ते सांगताना मात्र माझी जीभ अडखळली," चाचा म्हणाले. "खोटं बोलायची पण हद्द असते."

मला इतका राग आला होता, आणि तेवढ्यात हसू फुटलं. आवरेनाच. बोळातली सगळी हसायला लागली. खरं सांगायचं तर त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतंच. सात वर्षं या माणसांनी माझं लग्न व्हावं म्हणून वाट बघितली होती. एक माणूस चपला काढून दारात आला, त्यानं प्रश्न विचारले, आणि सगळ्यांनी जीव तोडून मला चांगल्या घरी द्यायचा प्रयत्न केला. मी दिवसभर केसपेपरवर लोकांची खोटी वयं लिहून घेते, मला कळायला हवं होतं.

रसिका तेवढ्यात आक्काच्या घरातून बाहेर आली. हातात अर्धी भाकरी. "आई, तू लग्न करणारेस? मग मला नवीन दप्तर मिळेल का?"

"दप्तर असंच आणू. आक्का कुठं आहे?"

आक्का ओसरीवर मेथी निवडत बसली होती. कृष्णाबाई माने, आमची घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली, काटक, कमी बोलणारी. माझी खोली तिच्या घराला लागूनच. मी कामावर असले की रसिका शाळेतून थेट तिच्याकडे. तिचा मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली, वर्षातून एकदा दोन तासांसाठी येत आणि जाताना लोणच्याची बरणी नेत. रसिकाला मात्र भाकरी थापायची आक्कानं शिकवली, पाढे शिकवले, आणि मला न विचारता कानही टोचून आणले होते.

"आक्का, नोकरी सोडणार म्हणून तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं."

"का पण?"

"सगळी सांगत होती, मी पण सांगितलं." आक्कानं मेथीची काडी मोडली. "मला काय कळतंय त्यातलं."

"आक्का, ते कर्ज मिळालं नाही तर सोमवारी घर जाईल माझं! सात वर्षं पैसे धरून ठेवले मी. निदान उद्या तरी खरं सांगाल ना? भाडं किती देते, कधी देते एवढंच सांगायचंय. बाकी तोंड उघडू नका, पाया पडते."

आक्कानं वर बघितलं नाही. "मेथी नेऊन टाक फोडणीला," ती म्हणाली. "निवडून झाली."

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बिनपगारी. सकाळीच बोळात दवंडी दिली, "आज खरं बोलायचं. खरं तेवढंच."

"सगळं खरं?" सुनंदाकाकीनं डोळे बारीक करून विचारलं.

"सगळं."

ही माझी चूक.

आणि आक्काच्या दाराला कुलूप होतं. सात वर्षांत सकाळच्या वेळी त्या दाराला मी कधी कुलूप बघितलं नव्हतं. मुख्य साक्षीदारच गायब. चाचांना विचारलं, काकीला विचारलं, कुणालाच माहीत नाही. मी बोळाच्या तोंडापर्यंत दहा फेऱ्या मारल्या.

अकरा वाजता हुक्केरी आला. तिशीतला पोरगा, खांद्याला बॅग. या खेपेला त्यानं ओळखपत्र शर्टावर मुद्दाम ठळक लटकवलं होतं आणि चपला काढल्या नाहीत.

"पोहे टाकू का?" काकी म्हणाली.

"नको काकी," तो कसनुसा हसला. "मागच्या वेळी पोहे खाल्ले म्हणून मॅडमनी ऐकवलंय."

मग त्यानं वही उघडली, आणि माझ्या शेजाऱ्यांनी खरं बोलायला सुरुवात केली. मी खोलीच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. देवा रे, ते खरं! खोटं परवडलं असतं.

"स्वभाव?" हुक्केरीनं विचारलं.

"तोंड फाटकं," काकी म्हणाली. "मागच्या दिवाळीत चकलीच्या सोऱ्यावरून तीन आठवडे बोलली नाही माझ्याशी. सोऱ्या तिचाच होता म्हणा."

"शेजाऱ्यांशी पटतं का?"

"पटतं की. भांडून पटतं."

"वय?" त्यानं चाचांकडे वळून विचारलं.

"चौतीस पुरी. वर एक-दोन महिने असतील तर कसम घेऊन सांगत नाही."

"कुणाचं देणं?"

"एकदा माझ्याकडून दोनशे रुपये नेले," चाचा म्हणाले. दाराआड माझे कान तापले. "पोरीला ताप होता. चौथ्या दिवशी परत आणले. मी म्हटलं राहू दे, बेटी, मागून दे. तर माझ्याशी भांडली. पैसे भोपळ्यात टाकून गेली. काढायला मला अर्धा तास लागला."

हुक्केरी लिहीत होता. "नोकरी सोडण्याची शक्यता?"

"ती?" काकी एवढ्या जोरात म्हणाली की शेवटच्या घरातलं पोर बाहेर आलं. "अंगात एकशेदोन ताप घेऊन खिडकीवर जाऊन बसली होती. तिथल्या डॉक्टरनं हाकललं तेव्हा घरी आली. ती सोडतीय नोकरी!"

इतकं सगळं यांच्या लक्षात असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी बाहेर आले.

"हुक्केरी सर, घरमालकीण बाहेर गेल्यात. येतीलच आता. जरा थांबाल का? तुमचं महत्त्वाचं त्यांच्याकडूनच आहे ना?"

"त्यांचं झालंय, ताई."

"कधी?"

"साडेनऊला ऑफिस उघडायला गेलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. बहुतेक आठपासून असाव्यात."

"काय म्हणाल्या?"

हुक्केरीनं वही बंद केली. "ते मला सांगता येत नाही. मॅडमनी सांगू नका म्हटलंय." आणि जाता जाता माझ्याकडे असं बघितलं की ते चांगलं की वाईट, मला काहीच उमजेना.

साडेबारा वाजता आक्का आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर, चपला धुळीनं माखलेल्या. म्हणजे स्टेशन रोडवरच्या कर्जाच्या ऑफिसापर्यंत चालत गेली होती आणि चालत आली होती.

"कुठं गेला होता, आक्का?"

"दात दाखवायला."

आक्काला एकूण दात चार. त्यातला कुठला दाखवायला गेली होती कोण जाणे.

"आक्का, तुम्ही कर्जाच्या ऑफिसात गेला होता. मला कळलंय. काय सांगितलंत?"

"भाकरी करायचीय मला," ती म्हणाली आणि आत गेली.

तो शनिवार आणि तो रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आक्का माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. रसिकाला मात्र तिनं दोन्ही दिवस तूप-गूळ चारलं आणि शेजारी बसवून तिच्या केसांना तेल लावत राहिली. मला वाटलं, हिनं काहीतरी आणखी घोळ करून ठेवलाय आणि आता तोंड लपवतेय. रविवारी दुपारपर्यंत मी मनातल्या मनात तो फ्लॅट सोडूनही दिला. नाल्याला म्हटलं, राहा बाबा सुखात.

सोमवारी साडेतीन वाजता खिडकीवरचा फोन वाजला. पलीकडून पाटणकर मॅडम. "या. पत्र तयार आहे."

समोर एक आजोबा उभे होते, गुडघ्याच्या दुखण्याचे. मी त्यांच्या केसपेपरवर वयाच्या जागी 'गुडघा' लिहिलं, पेन टाकलं आणि पळाले. शेजारच्या बाईनं खिडकी सांभाळली, देव तिचं भलं करो. सायकलवर मी काय काय बडबडत होते कोण जाणे. माणसं वळून बघत होती.

मॅडमनी मंजुरीचं पत्र हातात दिलं. माझं नाव त्यावर अख्खं छापलेलं: वैजयंता संजय चौगुले. मी ते तीनदा वाचलं. मग त्यांनी फाइलीतला एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"हे दाखवायची खरं तर पद्धत नाही. इथंच वाचा आणि परत द्या."

अक्षर हुक्केरीचं होतं. खाली वेडीवाकडी सही, एकेक अक्षर सुटं: कृष्णाबाई.

'मी कृष्णाबाई दत्तू माने, वय एकाहत्तर, सांगते ते असं. परवा तुमचा माणूस आला तेव्हा बाकीच्यांना तो सोयरिकीचा वाटला. मला वाटला नाही. त्यानं मला कार्ड दाखवलं होतं आणि मला वाचता येतं. नोकरी सोडणार असं मी जाणूनबुजून खोटं सांगितलं. कर्ज झालं तर ही जाणार, पोरगी जाणार, आणि मला माझं घर खायला उठणार, म्हणून सांगितलं. चूक माझी आहे. ही सात वर्षं माझ्याकडं राहते. पाच तारखेच्या आत भाडं देते, एकदाही चुकली नाही. पोर आजारी होती तेव्हा मी नको म्हटलं तरी दिलं. ही हप्ता चुकवायची नाही. हिला घर द्यावं.'

मी रडले. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले, मंजुरीच्या पत्रावर टिपं पडतील म्हणून ते लांब धरून. सगळ्या बोळाला मी शिव्या घातल्या होत्या, आणि खरी गुन्हेगार मेथी निवडत बसली होती! दोन दिवसांत बाई त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मला राग यायला हवा होता. आलाही, एक क्षणभर. मग आठ वाजल्यापासून त्या पायरीवर बसलेली ती डोळ्यापुढं आली.

पाटणकर मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "मला नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "भाडेकरू जाता जात नाही म्हणून रडणारे घरमालक मी रोज बघते. भाडेकरूनं जाऊ नये म्हणून खोटं बोलणारी घरमालकीण पहिल्यांदाच बघितली. तुमच्या पगाराचा कागद लहान होता, बाई. यापेक्षा मोठा दाखला मला कुठला हवा?"

पाचला दहा मिनिटं असताना मी बिल्डरच्या टेबलावर पत्र ठेवलं. येताना किलोभर जिलबी घेतली. बोळात असा काही गोंधळ झाला की विचारू नका. सुनंदाकाकी नाचली. चाचांनी अर्धवट झालेल्या तंबोऱ्याला एकच तार लावून छेडली. आक्कानं जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, विचारलं, "मिळालं?" मी म्हटलं, "मिळालं." तिनं मान हलवली आणि रसिकाच्या फ्रॉकला हात पुसले. त्या कागदाविषयी मी बोलले नाही. तिला सांगायचं नव्हतं ना, मग मीही नाही.

महिन्याभरानं टेम्पो आला. सामान ते केवढं. शिलाई मशीन, दोन ट्रंका, एक कपाट, भांडी, रसिकाची पुस्तकं. तेवढ्याला अख्खा बोळ लागला होता. हुक्केरीसुद्धा कुठून तरी येऊन टपकला आणि कपाटाचं एक टोक धरून चढवायला लागला. सुनंदाकाकी त्याला सांगत होती, "तुमचं लग्न झालंय का हो? नाही, आपलं सहज विचारते."

सामान चढलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी आक्काच्या पाया पडायला तिच्या दारात गेले, तर ती ओसरीवर पाट मांडून उभी. हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एक हिरवा खण.

"बस पाटावर."

"आक्का, हे काय? मी विधवा बाई. माझी कुणी ओटी भरतं का?"

"मग मी कुठली सवाशीण लागून गेलीय? पदर पसर."

नवरा गेल्यापासून आक्का कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती. बोलावलं तरी नाही. मंगळागौर असली की दार लोटून आत बसायची. मी सुनंदाकाकीकडे बघितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि खेकसली, "पसर की गं! टेम्पोवाला थांबलाय."

मी पाटावर बसले, पदर पसरला. आक्कानं ओंजळ भरून तांदूळ घातले. पाच वेळा. थोडे तांदूळ ओसरीवर सांडले. नारळ ठेवायला ती खाली वाकली तेव्हा तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. तेवढ्यात मला राहवलं नाही.

"कार्ड वाचलं होतं तुम्ही."

आक्काचा हात थांबला. "सांगितलं होय त्या बाईनं? नको म्हटलं होतं मी."

"मग आधी खोटं का बोललात, आक्का?"

"लेकीचं बिऱ्हाड हलणार म्हटलं की पोटात तुटतंय," ती म्हणाली. "दोन दिवस तुटलं. तिसऱ्या दिवशी गेले आणि नीट करून आले. आता गप बस, तांदूळ सांडतीस."

ओटी दोन्ही हातांनी धरून उठले. टेम्पोत पुढं बसले, रसिकाला मांडीवर घेतलं. टेम्पो सुरू झाला आणि बोळाच्या तोंडाशी वळणार, एवढ्यात आक्का गटार ओलांडून भराभर चालत आली. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. तिनं खिडकीची कड धरली.

"पहिल्या दिवाळीला माहेरी यायचं असतंय. चार दिवस. पोरीला घेऊन."

"येते, आक्का."

"आणि भाडं आणलंस तर बघ."